सहाशेहून अधिक विधेयके आणि कायदा फक्त एक : रॉन पॉल अपयशी ठरले का?

आपला प्रश्न असा आहे : टेक्सासचे रिपब्लिकन प्रतिनिधी रॉन पॉल यांनी अमेरिकेच्या संघ सरकारचे अधिकार कमी करण्यासाठी सहाशेहून अधिक विधेयके मांडली, त्यांपैकी एकाचाच कायदा झाला, मग त्यांची संसदेतली वर्षे वाया गेली असे म्हणायचे का? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. मात्र त्यांच्या एका मताबद्दल माझा स्पष्ट आक्षेप आहे आणि तो नोंदवल्याशिवाय हे उत्तर प्रामाणिक होणार नाही.

मी राज्यशास्त्र शिकवतो. अमेरिकेचा विषय निघाला की विद्यार्थ्यांची पहिली अडचण शेषाधिकारांपाशी, म्हणजे वाटून न दिलेले अधिकार कोणाचे या प्रश्नापाशी, येते. आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत तीन सूच्या आहेत आणि त्यांपैकी कोणत्याही सूचीत नसलेला विषय कलम २४८ नुसार संसदेकडे जातो. अमेरिकेत नेमके उलट आहे. तिथे काँग्रेसचे, म्हणजे प्रतिनिधीगृह आणि सिनेट मिळून होणाऱ्या अमेरिकी संसदेचे, अधिकार १७८७ मध्ये तयार झालेल्या राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदातील आठव्या विभागात मुख्यतः मोजून दिलेले आहेत. त्यात अठरा कलमे आहेत. शिवाय १७९१ च्या दहाव्या घटनादुरुस्तीने असे स्पष्ट केले की, जे अधिकार संघाकडे सोपवलेले नाहीत आणि राज्यांना नाकारलेलेही नाहीत, ते राज्यांकडे किंवा जनतेकडे राहतील. त्यामुळे ‘हा अधिकार काँग्रेसला कोणत्या कलमाने मिळाला?’ हा प्रश्न तिथे केवळ वादासाठी काढलेला मुद्दा ठरत नाही. तो घटनेच्या मूळ रचनेतूनच येतो. रॉन पॉल यांनी प्रत्येक मतदानाच्या वेळी तो विचारला.

मग अठरा कलमांतून एवढे विशाल सरकार कसे उभे राहिले? याचे एक उत्तर ओहायोमधल्या एका शेतकऱ्याच्या खटल्यात सापडते आणि मराठी वाचकाला ते चटकन समजेल. राज्याराज्यांतल्या व्यापाराचे नियमन काँग्रेसने करावे, असे त्या अठरांपैकी एक कलम सांगते. त्याच्या आधारे, गव्हाचे भाव टिकावेत म्हणून संघ सरकारने प्रत्येक शेतकऱ्याला पेऱ्याची मर्यादा ठरवून दिली होती. रॉस्को फिलबर्न यांच्या वाट्याला ११.१ एकर आले असताना त्यांनी २३ एकरांवर गहू पेरला आणि जादा क्षेत्रात निघालेल्या २३९ बुशेल गव्हावर त्यांना ११७ डॉलर ११ सेंट दंड झाला. त्यांचे म्हणणे असे होते की हा जादा गहू आपल्या गुराकोंबड्यांसाठी, घरच्या पिठासाठी आणि पुढच्या पेरणीच्या बियाण्यासाठी आहे; जो गहू शेताबाहेरच जाणार नाही त्याला आंतरराज्य व्यापार कसे म्हणता येईल? सर्वोच्च न्यायालयाने १९४२ मध्ये एकमताने निकाल दिला की, घरचा गहू खाणारा शेतकरी बाजारातला गहू घेत नाही, आणि असे अनेक शेतकरी एकत्र धरले तर देशाच्या बाजारावर परिणाम होतो, म्हणून काँग्रेसला नियमन करता येते. अर्थशास्त्र म्हणून हा युक्तिवाद चुकीचा नाही. परंतु तो एकदा मान्य केला की आंतरराज्य व्यापाराच्या कलमाबाहेर काय उरते, हे सांगणे अवघड होते, आणि माझ्या मते पॉल यांचा सर्वांत भक्कम मुद्दा हाच आहे.

पॉल पेशाने प्रसूतितज्ज्ञ होते. टेक्सासच्या किनारपट्टीलगतच्या ब्रझोरिया परगण्यात त्यांनी चार हजारांहून अधिक बाळंतपणे केली. १९७१ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोने देणे थांबवले, त्या निर्णयामुळे आपण राजकारणाकडे वळलो असे ते सांगत आले आहेत. १९७६ च्या पोटनिवडणुकीत ते प्रथम प्रतिनिधीगृहात गेले आणि मधले खंड धरून २०१३ च्या जानेवारीपर्यंत तिथे राहिले. एवढ्या विधेयकांवर विरोधी मत दिल्याने ‘डॉक्टर नो’ हे नाव त्यांना चिकटले.

त्यांच्या धडपडीचे मोल मला सर्वाधिक जाणवते ते फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या लेखापरीक्षणाच्या बाबतीत. काँग्रेसच्या लेखापरीक्षण यंत्रणेला फेडरल रिझर्व्हच्या कारभारात डोकावण्याची मुभा १९७८ च्या कायद्याने दिली, मात्र चलनविषयक धोरण आणि परदेशी मध्यवर्ती बँकांशी होणारे व्यवहार त्यातून वगळले. पॉल यांनी ही सूट काढून टाकण्याचे विधेयक वर्षानुवर्षे मांडले आणि कोणी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. २००८ च्या आर्थिक संकटानंतर चित्र पालटले. कोणाला किती कर्ज दिले, हे लोकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींनाही समजू नये, हे दोन्ही पक्षांच्या सदस्यांना खटकू लागले आणि २००९ च्या त्यांच्या विधेयकाला तीनशेहून अधिक सहपुरस्कर्ते मिळाले. सिनेटमध्ये स्वतःला समाजवादी म्हणवणारे बर्नी सँडर्स हीच मागणी घेऊन उभे राहिले. त्यांची सौम्य केलेली दुरुस्ती मे २०१० मध्ये ९६ विरुद्ध शून्य मतांनी संमत झाली. त्यातून संकटकाळातल्या कर्जांचे एक वेळचे लेखापरीक्षण झाले, आणि २०११ च्या जुलैमध्ये आलेल्या अहवालामुळे परदेशी बँकांसह कोणाकोणाला साहाय्य मिळाले होते, ते लोकांसमोर आले. पुढच्याच वर्षी पूर्ण लेखापरीक्षणाचे विधेयक प्रतिनिधीगृहात ३२७ विरुद्ध ९८ मतांनी संमत झाले, परंतु सिनेटने ते विचारात घेतले नाही. कायद्यांच्या मोजणीत हे सारे शून्य धरले जाते. एका सदस्याने अनेक वर्षे जवळजवळ एकट्याने लावून धरलेली मागणी प्रतिनिधीगृहाच्या तीन चतुर्थांशांहून अधिक मतांपर्यंत पोहोचली, ही गोष्ट मला शून्य वाटत नाही.

दुसरी गोष्ट युद्धाची. अनेक पुराणमतवादी नेते शिक्षण किंवा पर्यावरणाच्या बाबतीत संघ सरकारची सत्ता नको म्हणतात आणि लष्कर व पाळत यांच्या बाबतीत मात्र तीच सत्ता वाढवायला हात वर करतात. पॉल यांनी तसे केले नाही. ऑक्टोबर २००१ मध्ये सरकारचे पाळतीचे अधिकार वाढवणाऱ्या पेट्रियट कायद्याच्या विरोधात मत देणारे रिपब्लिकन प्रतिनिधी अवघे तीन होते आणि पॉल त्यांपैकी एक होते. पुढच्या वर्षी इराकविरुद्ध लष्करी बळ वापरण्याची मुभा राष्ट्राध्यक्षांना देणारा ठराव आंतरराष्ट्रीय संबंध समितीपुढे आला तेव्हा त्यांनी युद्धघोषणेचाच मसुदा दुरुस्ती म्हणून मांडला आणि आपण स्वतः त्याच्या विरोधात मत देऊ, हेही सांगून टाकले. युद्ध करायचेच असेल तर आठव्या विभागानुसार काँग्रेसने ते घोषित करावे, निर्णयाची जबाबदारी राष्ट्राध्यक्षांच्या गळ्यात घालून मोकळे होऊ नये, एवढेच त्यांना दाखवून द्यायचे होते. त्यांच्याच पक्षाचे समिती अध्यक्ष हेन्री हाइड यांनी उत्तर दिले की राज्यघटनेतील काही गोष्टी काळाच्या ओघात मागे पडल्या आहेत आणि युद्धघोषणा त्यांपैकी एक आहे. दुरुस्ती फेटाळली गेली. संसदेच्या एका समितीचा अध्यक्ष स्वतःच्या सभागृहाचा सर्वांत गंभीर अधिकार कालबाह्य म्हणून सोडून देतो, हा प्रसंग मी वर्गात सांगतो तेव्हा मला आजही अस्वस्थ व्हायला होते.

आता माझा आक्षेप. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याला चाळीस वर्षे झाल्यानिमित्त २००४ मध्ये प्रतिनिधीगृहात गौरवाचा ठराव आला आणि तो ४१४ विरुद्ध १ मताने संमत झाला. ते एक मत पॉल यांचे होते. हॉटेल, दुकान किंवा कारखान्याच्या मालकाने कोणाशी व्यवहार करावा हे संघ सरकारने ठरवणे म्हणजे खासगी मालमत्तेच्या हक्कावर आक्रमण आहे, अशी त्यांची भूमिका होती. मला ती मान्य नाही. दक्षिणेतल्या राज्यांनी ‘राज्यांचे अधिकार’ याच शब्दांच्या आडोशाने कृष्णवर्णीयांना दशकानुदशके शाळा, मतपेटी आणि उपाहारगृहांपासून दूर ठेवले होते, आणि ती भिंत संघ सरकारच्या बळाशिवाय पडत नव्हती. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या घटना समितीतील भाषणात खेड्यांच्या गौरवाला ज्या कळकळीने विरोध केला, ती ज्याने वाचली आहे त्याला वेगळे सांगायला नको की सत्ता जवळ आली म्हणजे ती दयाळू होतेच असे नाही. दूरच्या सरकारचा जुलूम पॉल यांना लख्ख दिसतो. शेजाऱ्याचा जुलूम मात्र त्यांच्या सिद्धान्तात बसत नाही. आपल्या मतदारसंघासाठी ते निधीची तरतूद सुचवत आणि नंतर त्याच विधेयकाविरुद्ध मत देत, यावरही टीका झाली. परंतु ती बाब या मतापुढे मला किरकोळ वाटते.

ज्या एका विधेयकाचा कायदा झाला, त्याबद्दलही आपल्याला कुतूहल असेल. टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन शहरात १८६१ मध्ये उभे राहिलेले जुने सीमाशुल्क कार्यालय संघ सरकारच्या मालकीचे होते. ती इमारत तिथल्या इतिहास जतन करणाऱ्या संस्थेला विकण्याची परवानगी २००९ च्या त्या कायद्याने दिली. संघ सरकारकडची एक वास्तू स्थानिक लोकांच्या हाती गेली, म्हणजे त्यांच्या विचाराशी हा एकमेव कायदाही सुसंगतच होता.

फेडरल रिझर्व्हच्या लेखापरीक्षणाचा आग्रह त्यांच्यानंतर त्यांचे पुत्र, केंटकीचे सिनेटर रँड पॉल यांनी आणि प्रतिनिधीगृहात त्याच राज्याचे थॉमस मॅसी यांनी पुढे चालवला. जानेवारी २०१६ मध्ये रँड पॉल यांच्या विधेयकावर सिनेटमध्ये चर्चेची वाट मोकळी करण्यासाठी मतदान झाले. ५३ सदस्यांनी बाजूने आणि ४४ जणांनी विरोधात मत दिले. साठ मतांची अट होती; ती सात मतांनी हुकली.