नववीतल्या मुलीचा फोटो विकृत करून वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवला जात आहे. नाशिकमध्ये पालकांनी काय करावे?

सर्वप्रथम मुलीला स्पष्ट शब्दांत सांगा की चूक तिची नाही आणि तिचा फोन काढून घेतला जाणार नाही. कारण फोन जाईल या भीतीने अनेक मुले असा छळ महिनोन्महिने घरी सांगत नाहीत, आणि माझ्या मते खरा प्रतिबंध इथूनच सुरू होतो.

ग्रुप सोडण्यापूर्वी संदेश, क्रमांक, तारीख आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, मात्र फोटो अश्लील असेल तर तो पुरावा म्हणूनही कोणाला पाठवू नका, थेट पोलिसांनाच दाखवा. मुलांची अश्लील चित्रे पुढे पाठवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली गुन्हा आहे. तक्रार नाशिक शहर सायबर पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते; मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइनही आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०२१ च्या नियमांनुसार, विकृत केलेला अश्लील फोटो तक्रारीनंतर दोन तासांत (फेब्रुवारी २०२६ पूर्वी ही मुदत २४ तासांची होती) हटवण्याची पावले उचलणे समाजमाध्यम कंपन्यांना बंधनकारक आहे.

शाळेला लेखी कळवा. फोटो पसरवणारी मुलेही अल्पवयीनच असतील, म्हणून त्यांच्या पालकांना बोलावून समुपदेशन व्हावे, असा आग्रह जरूर धरा.