झिंकची गोळी आणि आतड्याचा हिशेब

बडोद्यात पाऊस लागला की जुलाब येतात आणि त्यांच्या मागोमाग झिंकचे प्रश्न. यंदाचे पाच.

नखांवर पांढरे ठिपके आहेत. झिंक कमी असेल का?
बहुतेकदा नखाला कधीतरी लागलेल्या माराची ती खूण असते.

आम्ही शाकाहारी. डाळी, ढोकळा भरपूर. पुरेसं झिंक मिळतं ना?
डाळीत झिंक आहे, पण तिथलंच फायटेट नावाचं नैसर्गिक द्रव्य त्याला धरून ठेवतं आणि असं अडकलेलं झिंक आतड्याला उचलता येत नाही. डाळ भिजवली, मोड आणले, पीठ आंबवलं की फायटेट घटतं. तुमचा ढोकळा रात्रभर आंबवलेला असतो, की ऐनवेळी सोडा घालून फुगवलेला? सोड्याने जाळी छान पडते, फायटेट मात्र जागचं हलत नाही.

केसांसाठी दुकानदाराने ५० मिलिग्रॅम झिंक दिलं. चार महिने घेतोय. आता पायांना मुंग्या येतात. गोळी बदलू का?
बदलू नका, बंद करा. झिंक मुख्यतः लहान आतड्यात शोषलं जातं. तिथल्या पेशी ‘झिप-४’ नावाच्या प्रथिनाच्या दारातून ते आत घेतात; शरीरात पुरेसं असलं की हे दार आवरतं घेतात. तरीही मारा चालूच राहिला, तर पेशी मेटॅलोथायोनिन हे प्रथिन वाढवतात. ते झिंकपेक्षा तांब्याला घट्ट पकडतं. पेशी झडल्या की तांबं शौचावाटे जातं. मग रक्तक्षय, पांढऱ्या पेशींची घट, मज्जारज्जूला इजा. प्रौढांसाठी रोजची वरची मर्यादा ४० मिलिग्रॅम आहे. काउंटरवर हे कुणी सांगत नाही, डबी मात्र मोठी देतात. तुमच्या मुंग्या झिंकमुळेच आहेत, असं मी इथे बसून म्हणणार नाही. बी-१२ किंवा साखरही कारण असेल. याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा, गोळीची डबी सोबत न्या. नसांचं नुकसान नेहमी पूर्ण भरून येत नाही.

लोहाची गोळी आणि झिंक एकत्र घेऊ?
नको. वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

दोन वर्षांच्या नातवाचे जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले. झिंक बंद केलं तर चालेल?
नाही, आजी. जागतिक आरोग्य संघटना १० ते १४ दिवस द्यायला सांगते. पुढचे दोन-तीन महिने पुन्हा जुलाब लागण्याची शक्यता त्याने कमी होते. मात्रा बालरोगतज्ज्ञांनी लिहिलेलीच. जुलाब परत लागले आणि शी-तून रक्त गेलं किंवा मूल मलूल पडलं, तर मला पत्र लिहीत बसू नका, लगेच दवाखान्यात न्या.