पेट्रोल किती लागतं ते मासळीच्या काट्यालाच विचारा

प्रश्न : नमस्कार. रामटेककडं एका तलावावर आमची मच्छीमार संस्था आहे, मी तिचा हिशेब नागपुरात बसून पाहतो. पिंजऱ्यातल्या माशांना खाद्य टाकायला 16 फुटी फायबरची बोट आहे आणि तिला 25 एचपीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागं बाहेरून लावायचं इंजिन), सेकंडहँड घेतलेलं. बोट चालवणारा पोट्टा म्हणतो तासाला 10 लिटर पेट्रोल लागतं, काही सभासद म्हणून राहिले की एवढं लागूच शकत नाही, पेट्रोल भलतीकडंच मुरून राहिलं. टाकीवरचा काटा तर सारखा नाचतच असतो. खरं किती लागतं ते मोजायचं कसं? (एक वाचक, मानेवाडा)

उत्तर : भाऊ, आधी त्या पोट्ट्याबद्दल बोलू. तासाला 10 लिटर हा आकडा मला अजिबात खोटा वाटत नाही. चांगल्या फोर-स्ट्रोक इंजिनाचा ठोकताळा असा आहे की फुल थ्रॉटलला, म्हणजे पूर्ण रेस दिल्यावर, दर 10 एचपीमागं तासाला पावणेचार लिटरच्या आसपास, म्हणजे 25 एचपीला साडेनऊ लिटर झालेच, आणि तुमचं तर जुनं कार्बोरेटरवालं टू-स्ट्रोक, ते जास्तच घेणार कारण त्यात काही पेट्रोल न जळताच धुरासोबत बाहेर जातं. पण तेच इंजिन अर्ध्या आरपीएमवर (आरपीएम म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे) निम्म्याहूनही कमी घेतं. म्हणून नुसतं "तासाला इतकं" म्हणण्याला अर्थ नाही, किती आरपीएमवर आणि किती वजन घेऊन हे सोबत पाहिजे. ते मोजून होईपर्यंत कोणावर आळ घेऊ नका, गरिबाच्या पोराचं नाव एकदा खराब झालं की झालं.

आता टाकीचा काटा. तो आतल्या फ्लोटवर, म्हणजे पेट्रोलवर तरंगणाऱ्या गोळ्यावर, चालतो, बोटीचं नाक वर उचललं की पेट्रोल मागं सरकतं आणि काटा काहीही दाखवतो, टाकी भरली की संपत आली एवढंच त्यावरून समजायचं. लिटरच्या मापानं मोजलं तरी आपल्याकडं एक गडबड होते, ती म्हणजे ऊन. पेट्रोल दर 10 अंशाला साधारण 1 टक्का फुगतं. पंपाची टाकी जमिनीखाली, तिथून गारसर पेट्रोल आणलं आणि मे महिन्यात दुपारी बोटीत 17-18 अंशानं जास्त तापलं तर 24 लिटरमागं 400 मिलीच्या जवळपास फरक नुसत्या उन्हानं पडतो. वजन मात्र फुगत नाही!

म्हणून टाकी वजन करा. संस्थेत मासळी मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा असेलच, 30 किलोचा असला तर 24 लिटरची भरलेली टाकी त्यावर आरामात बसते. आधी एकदा तुमचंच ऑइल मिसळलेलं पेट्रोल मापानं बरोबर 1 लिटर घेऊन त्याचं वजन करून ठेवा, 740-750 ग्रॅमच्या आसपास येईल, तेवढ्यानं भागलं की ग्रॅमचे लिटर होतात. दर वेळी टाकी काट्यावर ठेवायच्या आधी पाइपमधला रबरी पंप दाबून कडक करायचा आणि मग पाइप टाकीकडून काढायचा, पाइप बोटीतच राहू द्यायचा, म्हणजे पाइपमधलं पेट्रोल दर वेळी सारखंच राहतं. आणि टाकी फडक्यानं नीट पुसा! हे बारीक वाटतं पण बुडाला पाव किलो पाणी आणि चिखल चिकटला असला तर हिशेबात पाव लिटरहून जास्त पेट्रोल चुकतं. काम मोकळ्यावर करायचं, आसपास बिडी-सिगारेट कोणी पेटवायची नाही.

मग चाचणी. काठावरच्या दोन खुणा धरा, एक-दीड किलोमीटर अंतर, मोबाइलच्या जीपीएसनं मोजून घ्या. एकाच आरपीएमवर जायचं आणि यायचं, अशा तीन-चार फेऱ्या, मग वजन, मग पुढचा आरपीएम. 2000, 3000, 4000 आणि फुल एवढे चार आकडे पुरे. आरपीएम दाखवणारा टॅकोमीटर नसेल तर प्लगच्या वायरला गुंडाळायचा छोटा मीटर मिळतो, तोही नसेल तर हँडलच्या मुठीवर चिकटपट्टीच्या खुणा करा. जाणं-येणं दोन्ही कशाला, तर वारा. पण सरासरी काढताना दोन्ही वेगांची बेरीज करून अर्धी करू नका, जाताना 10 आणि येताना 15 चा स्पीड असेल तर सरासरी 12 येते, साडेबारा नाही. एकूण अंतराला एकूण वेळेनं भागायचं. माणसं आणि पोती सगळ्या फेऱ्यांत तेवढीच ठेवा.

हिशेब लिटरला किती किलोमीटर असा मांडा, मग खरी गोष्ट दिसेल. 16 फुटी बोट ताशी 9-10 किलोमीटरपर्यंत पाणी कापत शांत जाते. त्यापुढं रेस दिली की ती स्वतःच्याच लाटेवर चढायला लागते, नाक वर, मागचा भाग खाली, मागं भली मोठी लाट, आणि सगळ्यात जास्त पेट्रोल इथंच जातं. हलकी बोट चढून पाण्यावर सपाट पळायला लागली की ॲव्हरेज परत सुधारतं. मला दाट शंका आहे की तुमची बोट खाद्याच्या पोत्यांनी भरलेली असताना 25 एचपीवर ही चढण पूर्ण चढतच नसेल, पोट्टा बिचारा फुल थ्रॉटल देऊन राहिला आणि बोट नुसती नांगरत चालली. तसं असेल तर भरलेली बोट जाताना 8-9 च्या वेगानं न्या, वेळ थोडा जास्त लागेल पण पेट्रोल कितीतरी वाचेल, रिकामी परत येताना पळवा.

आणखी एक, सध्या पंपावर मिळतं ते 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल, त्यात लिटरमागं ऊर्जा 6-7 टक्के कमी असते, त्यामुळं जुन्या वहीतल्या आकड्याशी तुलना करताना तेवढी सूट द्या. इथेनॉल पाणीही ओढतं, बोट उभी असताना टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद ठेवत जा, चालू करताना आठवणीनं उघडा.

प्रश्न : माझ्या बोटीला फ्लो मीटर, म्हणजे पाइपमधून किती पेट्रोल गेलं ते मोजणारा मीटर, बसवू का? इंजिन 40 एचपी, कार्बोरेटरचं. डिझेलवाल्यांना दोन सेन्सर लागतात म्हणे. (एक वाचक, भंडारा रोड, नागपूर)

उत्तर : तुम्हाला एकच पुरे. डिझेल इंजिन उरलेलं डिझेल टाकीत परत पाठवतं म्हणून तिथं जाणारं आणि येणारं दोन्ही मोजावं लागतं, तुमच्या आउटबोर्डात परतीची लाइन नसते. सेन्सर फिल्टरच्या नंतर, इंजिनाच्या बाजूला बसवा, नाहीतर कचऱ्यानं आतली चकरी अडकते. इंजिनाचा पंप पेट्रोल झटक्या-झटक्यानं ओढतो, त्यामुळं स्लो रेसवर मीटर चुकतो, वर रेसवर बरा चालतो. बसवल्यावर वरच्यासारखी टाकी वजन करून दोन-तीन वेळा ताडून घ्या आणि जो फरक येईल तो मीटरच्या सेटिंगमध्ये टाका. रोज लांब जात असाल तर पैसे वसूल आहेत, आठवड्यातून एकदा जात असाल तर काटा आणि वहीच ठेवा.