टाक झिजले म्हणून मोडीत घालू नका

देव्हाऱ्यातले टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेले देव, झिजलेत, कुठला देव कुठला ते कळत नाही, मग सराफाकडे मोडीत देऊन नवे घ्यावेत का, असं विचारलंय तुम्ही. अजिबात नको.

आमच्या थोरल्या काकांनी हेच केलं. वाटण्या झाल्या तेव्हा देव थोरल्याकडे गेले, त्याला कुणाची हरकत नव्हती. पुढे एका दिवाळीत सराफ म्हणाला, जुने द्या, वरची मजुरी तेवढी भरा. काकांनी सगळे टाक तराजूत ओतले. नव्यात खंडोबा आला, भवानी आली, जोतिबा आला. पणजोबांचा वीर, म्हणजे पूर्वजाचा टाक, तेवढा आला नाही, कारण सराफाच्या तयार मालात तो नव्हता. आजी रडली तर काका म्हणतात, "त्याला आता ओळखतंय कोण?" आम्ही नाशिकचे. इथे धुळवडीला घरोघरचे वीर वाजतगाजत गोदावरीवर आंघोळीला निघतात. आमचा चुलतभाऊ आता घाटावर मोबाइल धरून दुसऱ्यांचे वीर शूट करतो. आणि हे बोललं की भांडकुदळ मी!

ओळखायचंच असेल तर टाकावर तिरपा उजेड पाडून बघा. नाक-डोळे आधी जातात, कडेचं काम टिकतं. घोड्याच्या पायाशी कुत्रा किंवा स्वारामागे म्हाळसा दिसली की खंडोबा. बऱ्याच हातांच्या खुणा आणि खाली रेडा असला तर भवानी. घोड्यावर एकटाच असेल तर जोतिबा, भैरवनाथ किंवा तुमचाच कुणी पूर्वज. तो कोण, हे सराफ सांगू शकणार नाही, घरातली म्हातारी सांगेल. आजच विचारून लिहून ठेवा. आणि ते पितांबरीने खसाखसा घासणं बंद करा. ठशावर ठोकून उठवलेला चांदीचा पातळ पत्रा तो, किती सोसणार?

आता, पत्रा फाटला असेल, भोक पडलं असेल तर नवे करावेच लागतात, आणि जुने वाहत्या पाण्यात सोडायची रीत आहे. कुळाकुळाप्रमाणे यात फरक असतो, तेव्हा माझंच खरं असं नाही. पण मोड म्हणून देऊ नका. नवे करताना वीर धरून सगळ्यांची यादी करा, ती धाकट्या भावांना वाचून दाखवा आणि मगच कारागिराकडे जा. तयार मालात वीर नसला तर ठसा करून घ्या. पैसे जास्त पडतील. आमच्या काकांकडे होते.