मेकॅनिकलनंतर कर्ज काढून स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला सबसी इंजिनिअरिंग (समुद्रतळावरच्या तेल-गॅसच्या पाइप आणि यंत्रांचं काम) शिकायला जावं का? परत आल्यावर भारतात काम मिळेल का?

लगेच जाऊ नका. आधी दोन सीझन समुद्रावर काढा, मग ठरवा.

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की 'फील्ड हे डिप्लोमावाल्यांचं काम, मला डिझाइनमध्ये जायचंय.' खरं तर त्या एका वाक्यामुळे मी लिहायला बसलो. मी डिप्लोमावाला आहे. रत्नागिरीच्या पॉलिटेक्निकमधून मेकॅनिकल केलं, बी.ई. नोकरी सांभाळून. आज पाइपलाइन आणि स्पूलच्या डिझाइनवर तपासणारा म्हणून माझी सही असते.

मुंबईसमोरच्या समुद्रातलं तेलक्षेत्र मुंबई हाय, तिथे पाणी 80 मीटरच्या आसपास. तिथे राइजरचा, म्हणजे प्लॅटफॉर्मवर चढणाऱ्या उभ्या पाइपचा, पाय आणि पाइपलाइनचं टोक यांच्यामधला तुकडा, म्हणजे स्पूल, बसवायला सॅच्युरेशनचे पाणबुडे लागतात. ते जहाजावरच्या चेंबरमध्ये खालच्याइतक्याच दाबात राहतात, बेलमधून, म्हणजे खाली सोडायच्या बंद डब्यातून, कामावर जातात आणि शेवटी नुसता दाब उतरवायलाच तीन-चार दिवस घेतात. या सगळ्यात जहाज रिकामं उभं राहिलं तरी भाडं चालूच. पावसाळ्यात काम बंद, त्यामुळे मे महिन्यात सगळ्यांचीच घाई असते.

अशाच एका मे महिन्यात सीझनचा शेवटचा स्पूल उरला होता आणि मी जहाजावर फील्ड इंजिनिअर होतो. ऑफिसातून आलेल्या प्लॅनमध्ये पाणबुडे दिवसरात्र कामाला लावलेले, आणि त्या दिवसांच्या बरोबर मध्ये अमावास्या. माझं घर हर्णैचं, वडिलांची होडी होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग म्हणजे सौम्य भरती-ओहोटी, हे आमच्याकडे पोरांना शाळेत जायच्या आधीच येतं. आत समुद्रात वेळ थोडी पुढेमागे होते, पण उधाण ते उधाणच. मी कळवलं की या दिवसांत प्रवाहामुळे पाणबुड्याला फ्लेंजसमोर, म्हणजे पाइपच्या बोल्ट आवळायच्या तोंडासमोर, टिकता येणार नाही. भरती-ओहोटी पालटताना पाणी थबकतं तेवढाच वेळ हाती लागेल. स्पूल उतरवायचा तो भांगावर उतरवा, तोवर डेकवरची कामं उरकून घेऊ.

डिझाइनचे प्रमुख परदेशात सबसी शिकून आलेले. सगळ्यांसमोर कॉलवर म्हणाले, "आता पंचांग बघून पाइप जोडायचा का?" प्रवाहाचे आकडे रिपोर्टमध्ये आहेत, डिप्लोमावाल्याने त्यात पडू नये, असंही वर ऐकवलं. आकडे होते, मी वाचलेही होते. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या वादळाचे ते आकडे. त्यावरून पाइप तळावर जागच्या जागी राहील की नाही ते कळतं. आज रात्री पाणबुड्याला किती तास मिळतील, ते त्यात कुठेच नसतं.

उधाणाचे दिवस बेल बहुतेक वेळ वरच लटकून राहिली. पाणबुडे खाली जायचे आणि सुपरवायझर त्यांना परत बोलवायचा. अष्टमी जवळ आली तसा कामाचा वेळ वाढत गेला. एका पाळीत पहिला फ्लेंज आवळला, पुढच्या पाळीत दुसरा. पुढच्या सीझनला प्लॅनमध्ये उधाण-भांगाचा रकाना आला. तो कोणाच्या सांगण्यावरून आला, हे कुणी बोललं नाही. मी विसरलेलो नाही.

म्हणून माझं ठाम मत आहे की ज्याने बेल खाली जाताना पाहिली नाही, त्याने स्पूल बसवण्याचा प्लॅन एकट्याने करू नये, मग डिग्री कुठलीही असो.

आता शिक्षणाचं. खोल पाण्यात माझं होडीचं ज्ञान पुरत नाही, हेही तितकंच खरं. काकीनाड्यासमोर कृष्णा-गोदावरी खोऱ्यात केजी-डी6 या क्षेत्राचा गॅस 2009 मध्ये सुरू झाला, ओएनजीसीच्या 98/2 या क्षेत्राचं तेल जानेवारी 2024 मध्ये. तिथे पाणबुडा पोचूच शकत नाही, सगळं आरओव्हीच्या, म्हणजे जहाजावरून चालवायच्या रोबोच्या, हातांनी. तळाशी थंडी आणि दाब असा की गॅस आणि पाणी मिळून हायड्रेट, म्हणजे बर्फासारखा घट्ट गोळा, धरतं आणि पाइप तुंबतो, म्हणून ग्लायकॉल सोडावं लागतं. 2010 मध्ये मेक्सिकोच्या आखातात मकाँडो या तेलविहिरीच्या गळतीवर सुमारे 1500 मीटर खाली नेलेला पोलादी डोम हायड्रेटनेच निकामी केला. यासाठी थर्मोडायनॅमिक्स, फटीग (पुन्हापुन्हा ताण बसून धातू थकणं), मातीचं शास्त्र, गंज हे सगळं नीट शिकलेलंच हवं. पण त्यासाठी आयआयटी मद्रास आणि खरगपूरला ओशन इंजिनिअरिंग आहे. गेट देऊन एम.टेक.ला गेलात तर स्टायपेंडही मिळतो. डोक्यावर कर्ज नको.

ॲबर्डीनबद्दल स्पष्टच सांगतो. ब्रिटनच्या समुद्रातलं तेल 1999 च्या सुमारास कळसाला पोचलं, तेव्हापासून उतरण आहे. आणि हा धंदा तेलाच्या भावावर नाचतो. 2014 च्या मध्यात पिंपाचा भाव शंभर डॉलरच्या वर होता, जानेवारी 2016 मध्ये तीसच्या खाली गेला. त्या काळात चांगली शिकलेली माणसं घरी बसली. कर्जाचे हप्ते त्यांनाही चुकले नाहीत.

भारतात काम मिळतं. ओएनजीसीसारखे ऑपरेटर आहेत, एल अँड टीसारखे कंत्राटदार आहेत, शिवाय मुंबई, पुणे, चेन्नईत बाहेरच्या देशांचं डिझाइन करणारी ऑफिसं आहेत. पगाराचं विचारू नका, तो माणसागणिक बदलतो. नुसतं 'सबसी' म्हणून फ्रेशर घेणाऱ्या जागा मात्र थोड्या. मेकॅनिकल पक्कं असलं की आत शिरता येतं आणि भाव पडला तर बाहेरही पडता येतं.

तुम्हाला पूर्ण स्कॉलरशिप मिळत असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवून जा. तरंगत्या पवनचक्क्या किंवा जुने प्लॅटफॉर्म उतरवणं यात रस असेल तरीही स्कॉटलंड चांगलं. पीटरहेडसमोर हायविंड हा तरंगत्या पवनचक्क्यांचा प्रकल्प 2017 पासून चालू आहे. आणि बोट लागत असेल, मेडिकलमध्ये काही निघालं किंवा हेलिकॉप्टर उलटल्यावर पाण्यातून सुटायचं ट्रेनिंग जमलं नाही, तर समुद्रावर जाता येणार नाही. तेव्हा डिझाइनच करावं लागेल, त्यात कमीपणा काही नाही. फक्त मुलाखतीत एवढं विचारून घ्या की पहिल्या वर्षात एकदा तरी जहाजावर पाठवणार का. नाही म्हणाले आणि दुसरी ऑफर हातात असेल, तर दुसरी घ्या.