'जस्ट अ बॉईज गेम' : संवाद कळत नाहीत, मारामारीचं कारणही कळत नाही. पुढे बघू का?

बघा, पण हे गँगस्टरपट समजून बघू नका. बहुतेकांचा घोटाळा तिथेच होतो.

बीबीसीच्या 'प्ले फॉर टुडे' या टीव्ही-नाटकांच्या मालिकेतलं हे १९७९ चं नाटक. लेखक पीटर मॅकडूगल, दिग्दर्शक जॉन मॅकेन्झी. नाटक म्हटलं तरी रंगमंच नाही, सगळं ग्रीनॉकच्या रस्त्यांवर, पबमध्ये आणि गोदीत घडतं. ग्रीनॉक म्हणजे स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या पश्चिमेला, क्लाईड नदीच्या मुखाशी वसलेलं, त्या काळी जहाजबांधणीचं गाव. मॅकडूगल तिथलाच, कोवळ्या वयात गोदीत कामाला लागलेला.

आधी भाषा, म्हणजे तिथली स्कॉटिश वळणाची इंग्रजी. इंग्रजी सबटायटल्स मिळाली तर लावाच. नाहीतर दोन खुणा धरा. 'आऊ' बहुतेक वेळा 'ऊ' होतो : आऊट म्हणजे ऊट, डाऊन म्हणजे डून. नकाराला 'नी' लागतो : कान्ट म्हणजे कॅनी, डिडन्ट म्हणजे डिडनी. शब्दामधला 'ट' तर गिळूनच टाकतात. 'वेन' म्हणजे लहान मूल, 'हेन' म्हणजे बाईला मारलेली हाक, 'चिब' म्हणजे चाकू किंवा तसलंच हत्यार, 'स्क्वेअर गो' म्हणजे हत्याराशिवाय एकास एक मारामारी. पबमध्ये 'हाफ' मागितला की छोटी व्हिस्की येते. एवढ्यावर निम्मी अडचण सुटते.

आता कारण. जेक मॅक्विलन हा तिथला 'हार्ड मॅन'. आपला गल्लीतला दादा हप्ता गोळा करतो, पोरं पाळतो. हार्ड मॅनच्या पदरात नावाशिवाय काही पडत नाही, आणि ते नाव हिसकावायला पुढची पोरं टपलेलीच असतात. जेकने हात आवरला तरी ती त्याला सोडणार नाहीत. म्हणून मारामारीला वेगळं कारण शोधत बसू नका.

खरा गाभा घरात आहे. अंथरुणाला खिळलेला आजोबा एके काळचा हार्ड मॅन, रेझर टोळ्यांच्या, म्हणजे वस्तरे घेऊन लढणाऱ्या टोळ्यांच्या जमान्यातला. रेझरचा वार बहुधा जीव घेण्यासाठी नसे. गालावर कायमचा व्रण ठेवायचा, म्हणजे कोणी कोणाला हरवलं ते गावाला दिसत राहतं. जेकला या म्हाताऱ्याकडून एका शब्दाची शाबासकी हवी आहे. या दोघांचे प्रसंग छोटे आहेत, पण त्या वेळी मोबाईल बाजूला ठेवा. ते निसटले तर गोदीतला शेवट नुसता रक्तपात वाटेल.

निवडलेले नटही बघा. जेक झालेला फ्रँकी मिलर मुळात रॉक गायक. तो जवळजवळ काहीच 'करत' नाही, आणि तेच जास्त भीतीदायक वाटतं. आजोबा झालेला हेक्टर निकोल क्लबांमध्ये चावट विनोद सांगणारा कलाकार! टॅन्झा हा बायकोमुलांचा संसारी मित्र. कामाला दांडी मारून दिवसभर पिणाऱ्या जेक आणि त्याचा दोस्त 'डान्सर' यांच्यासोबत टॅन्झाचं अवघडलेपण बघितलं की दुसरी वाट कशी दिसते ते कळतं.

तरीही कान बसत नसेल तर आधी मॅकडूगलचंच 'द एलिफंट्स ग्रेव्हयार्ड' (१९७६) बघा. बिली कॉनोली आणि जॉन मॉरिसन, डोंगरात भटकणारे दोघे, नुसत्या गप्पा. 'जस्ट अनदर सॅटर्डे' (१९७५) मात्र नंतर ठेवा. त्यात प्रोटेस्टंटांची ऑरेंज मिरवणूक आहे, आणि १६९० ची बॉईनची लढाई (आयर्लंडमध्ये प्रोटेस्टंट राजाने कॅथलिक राजाला हरवलं ती) व प्रोटेस्टंट-कॅथलिक वैर ठाऊक नसेल तर त्यातले ढोल कोणाला डिवचताहेत तेच कळणार नाही.