पासवर्डातलं @ आणि बिघडलेला पत्ता

प्रश्न : रोज रात्री विंडोजच्या बॅच फाइलमधून (एकामागून एक आज्ञा चालवणाऱ्या फाइलमधून) कर्ल ही फाइली पाठवायची आज्ञा वापरून एफटीपी सर्व्हरवर हिशेबाची फाइल पाठवतो. पासवर्ड बदलल्यापासून ती जात नाही. फाइलझिला या फाइली पाठवायच्या प्रोग्रामात मात्र तोच पासवर्ड चालतो. असं का?

उत्तर : फाइलझिलात होस्ट, युजरनेम, पासवर्ड यांचे रकाने वेगळे असतात, म्हणून पासवर्ड जसाच्या तसा जातो. बॅच फाइलमध्ये हे सगळं एकाच पत्त्यात असतं आणि पत्त्यात काही चिन्हांची कामं ठरलेली आहेत (इंटरनेटचा नियमदस्तऐवज आरएफसी ३९८६, २००५). @ नंतर सर्व्हरचं नाव येतं, # आलं की तिथपर्यंतचाच भाग सर्व्हरसाठी धरला जातो. सोयीसाठी देवनागरीत बघू. ‘रमा:चहा@१२#@सर्व्हर’ असं लिहिलंत, तर पासवर्ड ‘चहा’ आणि सर्व्हर ‘१२’ असा अर्थ लागतो. खरा सर्व्हर # च्या पलीकडेच राहतो.

उपाय : @ ऐवजी %४०, # ऐवजी %२३, : ऐवजी %३ए, / ऐवजी %२एफ लिहा. पासवर्डात % असेल तर आधी त्याचं %२५ करा. शेवटी केलंत तर बाकीच्या खुणाही बिघडतील. बदल फक्त पासवर्डात करायचा, अख्ख्या पत्त्यात नाही.

एवढं करूनही अनेक जण बॅच फाइलमध्ये अडकतात. तिथे %४ म्हणजे चौथा पॅरामीटर, फाइल चालवताना तिच्या नावापुढे दिलेली चौथी किंमत. तो दिलेला नसतो, म्हणून गळून पडतो. %२ चंही तेच. ‘चहा%४०१२%२३’ चं ‘चहा०१२३’ होतं आणि सर्व्हर ५३० म्हणतो, म्हणजे लॉगिन नामंजूर. म्हणून बॅच फाइलमध्ये %%४० आणि %%२३ असं दोनदा % द्या.

खरं तर पासवर्ड पत्त्यात ठेवूच नये. स्क्रिप्ट उघडणाऱ्या प्रत्येकाला तो दिसतो. कर्लची नेटआरसी फाइल वापरा, तिच्यात युजरनेम-पासवर्ड वेगळे ठेवता येतात.

प्रश्न : लॉगिन होतं, पण ५५० येतं, म्हणजे फाइल मिळत नाही. फाइल तर जागेवर आहे.

उत्तर : एफटीपीच्या पत्त्यात सर्व्हरच्या नावापुढचा / नुसता विभाजक असतो. मार्ग लॉगिन झालेल्या फोल्डरपासून मोजतात (आरएफसी १७३८, १९९४). रूटपासून (सर्व्हरच्या सगळ्यात वरच्या फोल्डरपासून) हवा असेल तर त्या / पुढे %२एफ जोडा. कर्लमध्ये एसएफटीपीचं (फाइली सुरक्षितपणे पाठवायच्या वेगळ्या पद्धतीचं) उलट आहे : मार्ग रूटपासूनच धरला जातो, होम फोल्डरसाठी /~/ लिहावं लागतं. सर्व्हर एफटीपीवरून एसएफटीपीवर नेला की पत्त्यातला जुना मार्ग चालेनासा होऊ शकतो, तो यामुळे.